शाखांमधल्या कॉम्प्युटरचा मेंटेनन्स ऑटोमॅटिक कसा लावायचा? रात्री मशीन बंद असतात

शाखा_आयटी
नमस्कार मंडळी, एका पतसंस्थेचं आयटी बघतो. हेड ऑफिस तालुक्याला, बाकी शाखा आजूबाजूच्या गावांत, सगळी मिळून साठेक मशीन. बहुतेक विंडोज ११, थोडी अजून १० वरच आहेत. रिमोटने एकेका मशीनवर जाऊन साफसफाई, अपडेट, रीस्टार्ट करण्यातच आठवडा जातो म्हणून टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं विंडोजचं साधन) रात्री २ ची कामं लावली. पण शाखेतली मंडळी संध्याकाळी पिग्मीचा भरणा घेऊन डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद) झाला की मेन स्विचच बंद करून जातात, शॉर्टसर्किटची भीती असते त्यामुळे त्यांना नको म्हणताही येत नाही. दिवसा लावावं तर काउंटरला रांग असताना मशीन स्लो होतं आणि लगेच शाखाधिकाऱ्यांचा फोन. आणि काम झालं की नाही हे बघायला परत त्या मशीनवर जावंच लागतं. तुम्ही कसं करता? बजेट फार नाहीये.

लॅनवाला
रात्रीचा नाद सोडून द्या, मशीन चालू असतं तेव्हाच काम लावायचं. टास्कच्या सेटिंगमध्ये वेळ चुकली तर नंतर चालव असा एक टिक असतो, सगळे तोच लावायला सांगतात, पण तुमच्याकडे तो नडेल कारण चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर साधारण १० मिनिटांनी सुरू होतं, म्हणजे नेमकं सकाळी कॅश उघडताना. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीची वेळ द्या आणि त्याला अर्ध्या तासाचा रँडम डिले लावा म्हणजे एका शाखेतली सगळी मशीन एकदम इंटरनेट ओढत नाहीत. आठवडी बाजाराचा वार प्रत्येक गावाचा वेगळा, तो दिवस त्या शाखेला वगळाच.

अजून दोन गोष्टी. एसी पॉवर असेल तरच चालव हा टिक डिफॉल्ट लागलेला असतो, लॅपटॉप किंवा यूएसबीने जोडलेला यूपीएस असेल तर लाइट गेलेली असताना टास्क सुरूच होत नाही. आणि फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंद करा. ते चालू असलं की रोज शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो, सकाळी तोच परत उठतो, त्यामुळे मशीन रोज बंद होऊनही टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम कित्येक दिवसांचा दिसतो. बूट झाल्यावर चालणारी कामंही त्यामुळे लागत नाहीत, आणि रीस्टार्टसाठी अडलेली अपडेट तशीच राहतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, हायबरबूटएनेबल्ड (HiberbootEnabled) ० केलं की झालं. मला विचाराल तर बाकी सगळं राहू दे, हे आधी करा.

टॅलीवाले_काका
डाउनलोड फोल्डरला हात लावू नका हो! क्लार्क मंडळी खातेउतारे, पत्रं सगळं तिथेच ठेवतात. टेम्प (तात्पुरत्या) आणि अपडेटच्या जुन्या फाइल एवढंच साफ करा. आणि मार्चअखेरला काहीही लावू नका, साधारण १५ मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा फक्त अँटिव्हायरसची अपडेट जाऊ द्या.

शाखा_आयटी
फास्ट स्टार्टअपचं आजच तपासलं, बहुतेक मशीनवर चालूच आहे 🙏 पण काम झालं का ते कळायचं कसं? एका शेअर फोल्डरमध्ये लॉग टाकायचा विचार आहे.

स्क्रिप्टकर
विंडोज डोमेन (सगळ्या मशीनची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळणं) नसेल तर शेअर फोल्डर अवघड जाईल. टास्क सिस्टम अकाउंटवर (विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर) चालतं, त्याला युजरने जोडलेला झेड हा नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही आणि दुसऱ्या मशीनवरच्या शेअरवर परवानगीही नसते. विंगेटने (कमांडने सॉफ्टवेअर बसवायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) सॉफ्टवेअर अपडेट करणारी स्क्रिप्टही सिस्टमवर नीट चालत नाही, कारण विंगेट युजरच्या खात्यात बसलेलं असतं.

साठ मशीनला आता आरएमएम लावा, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून बघायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर. टॅक्टिकल आरएमएम स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, उबुंटू किंवा डेबियन आणि एक डोमेन नाव लागतं. क्लायंट, साइट अशी रचना असते, तुमची एक शाखा म्हणजे एक साइट, पॉलिसीत काम लावलं की त्या साइटच्या सगळ्या मशीनवर जातं आणि स्क्रिप्टचा रिझल्ट आपोआप परत येतो. सर्व्हर सांभाळायचा नसेल तर ॲक्शन१ किंवा चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन बघा, लहान संख्येला फुकट प्लॅन आहेत, आजची मर्यादा त्यांच्या साइटवर तपासून घ्या.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. काम चाललं का हे विचारूच नका, मशीनची अवस्था काय आहे ते विचारा. टास्क शेड्युलर शेवटचा रिझल्ट ०x० दाखवतो, म्हणजे स्क्रिप्ट सुरू होऊन एरर न देता संपली एवढंच, अपडेट खरंच बसलं का हे त्यातून कळत नाही. मी रोज प्रत्येक मशीनकडून सी ड्राइव्हवर किती जीबी शिल्लक, शेवटचं बूट कधी, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला, आणि बॅकअपची ताजी फाइल किती जुनी एवढंच मागवतो. यातलं एक जरी मर्यादेबाहेर गेलं की मेल येतो. मग काम टास्कने केलं की कुणी हाताने केलं याने फरक पडत नाही.

आणि एसएफसी, डिझम (विंडोजच्या बिघडलेल्या फाइल दुरुस्त करणाऱ्या कमांड) दर आठवड्याला लावायचं खूळ काही जणांना असतं, ते नका करू, तक्रार आली तरच चालवा. एसएसडीची ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी करणं) विंडोज स्वतः करतं, विंडोजचा हा मेंटेनन्सही डिफॉल्ट रात्री २ चाच असतो, मशीन बंद असेल तर पुढे निवांत वेळ मिळाला की उरकतं.

कुलूप_किल्ली
आरएमएम लावताय तर एक लक्षात ठेवा, त्या एका लॉगिनने साठही मशीनवर काहीही चालवता येतं. २ जुलै २०२१ ला कसेया व्हीएसए नावाच्या अशाच टूलमधून जगभरच्या अनेक कंपन्यांत रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस) पसरलं होतं. टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही) सक्तीचं करा, पॅनल सगळ्या इंटरनेटला उघडं ठेवू नका, सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट त्याच दिवशी बंद.

दुसरं म्हणजे सगळीकडे एकदम काही पाठवायचं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली आणि बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष जाऊन सेफ मोडमधून ती उठवावी लागली. तुमच्या लांबच्या शाखेला कोण जाणार? मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी हेड ऑफिसची दोन-तीन मशीन, त्यातलं एक पासबुक प्रिंटर जोडलेलं हवंच, सगळं नीट दिसलं की पुढच्या आठवड्यात शाखा. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, त्या मशीनचं आधी बघा.

शाखा_आयटी
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. आधी फास्ट स्टार्टअप बंद, मग हेड ऑफिसला टॅक्टिकल लावून स्क्रिप्टकर म्हणतात ती माहिती मागवायला लागतो. रीस्टार्ट तेवढा जेवणाच्या सुट्टीत धोक्याचा वाटतो, कुणी अर्धवट एंट्री सोडून उठलं असेल तर?

लॅनवाला
सक्तीने करूच नका. दुपारी फक्त अपडेट बसवायचं, आणि डे-एंडनंतर डेस्कटॉपवर एक शॉर्टकट द्यायचा, 'अपडेट करून बंद', मशीन पूर्ण बंद झाल्यावरच मेन स्विच. शिपायाला एकदा फोन करून समजावून सांगा, शेवटी स्विच तोच बंद करतो.