पोलिंग (ठरावीक वेळाने आकडा विचारणं) वाढवलं की बीएमएसचं (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचं) रीडिंग चुकतं का?

भोसरीचा_खटपट्या:
नमस्कार मंडळी, जुनी स्कूटर इलेक्ट्रिक करून घेतलीये, १४ सिरीजचा एनएमसी (लिथियम-आयन) बॅटरी पॅक, २० ॲम्पिअर-अवर, सेल नवेच. बीएमएसवर इम्पिडन्स ट्रॅकवाला गेज (बॅटरी किती उरली ते मोजणारी चिप) आहे, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर त्याला आयटूसी बसवरून (दोन तारांच्या जोडणीवरून) करंट विचारतो आणि ॲम्पिअर-अवरची बेरीज मी माझ्या कोडमध्ये करतो. आधी सेकंदाला एकदा विचारायचो. पण कात्रज घाटात थ्रॉटल पिळला की करंट कसा उसळतो ते बघायचं होतं म्हणून दर ५० मिलिसेकंदाला विचारायला लावलं, आणि तिथून सगळं बिनसलं. फुल चार्जपासून रिकामा होईपर्यंत आधी १९.७ यायचे, आता १७.१. वर दोनदा गेज आपोआप रिसेट झाला. बसवरच्या गोंगाटाने गेजमधला एडीसी (करंटचा आकडा बनवणारा भाग) चुकतोय का? तपकीर गल्लीतून शील्डेड वायर आणून लावली, ढिम्म फरक नाही.

शंट_वाला:
वायरीचे पैसे गेले भाऊ. गोंगाट असला तर आकडा वर-खाली नाचतो, दरवेळी एकाच बाजूला १३ टक्के कमी कशाला येईल? बेरीज कशी करतोस ते सांग आधी.

भोसरीचा_खटपट्या:
लूपच्या शेवटी ५० चा डिले, आणि करंट गुणिले ०.०५ सेकंद करून मिळवत जातो.

शंट_वाला:
हां, इथेच माशी शिंकली. डिले ५० चा आहे, लूप नाही. व्होल्टेज, करंट, तापमान, टक्केवारी सगळं विचारणार, गेजचं उत्तर तयार नसलं की तो क्लॉक लाइन दाबून धरणार आणि तुला थांबावं लागणार, त्यात तू सिरियलवर प्रिंटपण करत असशील, म्हणजे एक फेरी ५८ च्या आसपास जात असणार आणि तू हिशोब धरतोयस ५० चा. आधीही ते ८ मिलिसेकंद जातच होते रे, पण हजारात आठ कोणाला दिसतात, पन्नासात आठ लगेच दिसतात. एडीसी बिचारा बरोबरच मोजतोय. आणि गेज करंटचा आकडा सेकंदाला एकदाच बदलतो, त्यामुळे तू तोच शिळा आकडा पंधरा-वीस वेळा वाचतोयस, घाटातली उसळी त्यात दिसणारच नाही.

चाकणची_ताई:
रिसेटचं मी सांगते. या घराण्यातल्या गेजांच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं की स्टँडर्ड कमांड सेकंदाला दोनपेक्षा जास्त वेळा देऊ नका, नाहीतर वॉचडॉग (चिप अडकली तर रिसेट करणारा टाइमर) संपून गेज रिसेट होऊ शकतो. तुम्ही पंधरा-वीस वेळा देताय, अहो त्याला श्वास तरी घेऊ द्या! अजून एक, ईएसपी३२ चा मायनस कुठे जोडलाय? थेट बी मायनसला (बॅटरीच्या मायनस टोकाला) असेल तर त्याचा करंट शंटमधून (गेज ज्यावरून करंट मोजतो त्या रेझिस्टरमधून) जातच नाही, म्हणजे गेजच्या लेखी तो खर्च नाहीच. समजा १० मिलिॲम्पिअर खातो, तर दिवसाला ०.२४ ॲम्पिअर-अवर, तुमच्या पॅकच्या एक टक्क्याहून जास्त, आणि पोलिंगसाठी जागा ठेवलात तर तो झोपणारही नाही. आमच्याकडे एक गाडी आठवडाभर उभी होती, डिस्प्लेवर टक्के तेवढेच आणि व्होल्टेज मात्र खाली, तेव्हा हेच निघालं होतं.

भोसरीचा_खटपट्या:
शंट_वाला दादा, पाया पडतो 🙏 मायक्रोसेकंदाचा टाइमर लावून मोजलं, फेरी ५७ ते ५९ मध्येच आहे. आता खरा गेलेला वेळ धरून बेरीज करतो आणि विचारणं परत सेकंदाला एकदा, काल १९.८ आले, रिसेट नाही. घाटासाठी वेगळा करंट सेन्सर घेतो, त्याचा एडीसी ईएसपी३२ थेट वाचेल, गेजला त्रास नको. आणि ताई, मायनस बी मायनसलाच होता 😅 आत्ताच काढून शंटच्या पलीकडे टाकलाय, आज रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी बघतो किती टक्के खाली येतंय.