आखलेला मार्ग यंत्रात नेताना: ‘रूट’ की ‘ट्रॅक’?

खाडीकाठचा (दादर):
काल एका सदस्याने येथे लिहिले की, नकाशावर आखलेल्या मार्गाची जीपीएक्स (मार्गाचे बिंदू साठवणारी) फाइल करून ती दुचाकीवरच्या जीपीएस यंत्रात रूट म्हणून टाकली की काम संपते, आणि ज्याची वाट चुकते त्याला यंत्रच वापरता येत नाही. हे वाचून राहवले नाही. गेल्या दिवाळीत गुहागरला जाताना म्हसळा, श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, असा मार्ग मी दोन रात्री जागून आखून रूट म्हणूनच यंत्रात टाकला होता. हरिहरेश्वर ओलांडल्यावर यंत्र मागे फिरण्याचा धोशा लावून बसले, कारण त्यात ‘फेरी टाळा’ चालू होते आणि सावित्री ओलांडायला त्याला आंबेतचा पूल हवा होता. रूटमध्ये मोजकेच बिंदू जातात व मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवते. ट्रॅक म्हणजे दाट बिंदूंची रेघ, तिच्यात यंत्र ढवळाढवळ करत नाही. म्हणून ट्रॅकच न्यावा.

नाकाबंदी (ठाणे):
तो सदस्य मीच. सेटिंग आपण पाहिले नाही आणि दोष रूटला, हे अंगण वाकडे म्हणण्यापैकी झाले. बहुतेक यंत्रांत ट्रॅक नुसती रेघ दाखवतो, वळण आधी सांगत नाही. भर पावसात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरलेली असताना ती रेघ न्याहाळत ताम्हिणी घाट उतरून दाखवा. रूटचे बिंदू नेमक्या नाक्यावर न ठेवता दोन नाक्यांच्या मधे, नकाशा पुरेसा मोठा करून ठेवावा. दुभाजकाच्या पलीकडे एक बिंदू पडला की यंत्र यू-टर्न मागत राहते.

जुना_हायवे (चेंबूर):
आपण दोघेही मुळाला हात घालत नाही. गूगल मॅप्स जीपीएक्स देतच नाही. गूगलच्याच माय मॅप्स या नकाशे आखण्याच्या सोयीतून केएमएल ही वेगळ्या प्रकारची फाइल काढून ती जीपीएक्समध्ये रूपांतरित करावी लागते, आणि तेथे दुचाकीचा पर्यायच नसल्याने पुण्याचा मार्ग सरळ द्रुतगती मार्गावरून आखला जातो, जेथे आपल्याला बंदी आहे. अटल सेतूचेही तेच. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा पूल खुला झाला, आणि उरणला जायला आम्ही अजून वाशीचा वळसा घालतो! सागरी सेतूवर नाही, किनारी रस्त्यावर नाही. दुचाकीवाला या शहराचा नागरिक आहे की नाही?

नाकाबंदी (ठाणे):
त्या पुलावरचा आडवा वारा आपण अनुभवला आहे का?

जुना_हायवे (चेंबूर):
वारा वाशीच्या खाडीपुलावरही असतो, आणि तेथे मी वीस वर्षे रोज दुचाकी चालवली आहे. उपदेश नको.

खाडीकाठचा (दादर):
बंदीचा वाद वेगळा चालवावा, ही विनंती. मात्र माय मॅप्सबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, कारण खंडाळ्याच्या जुन्या घाटासाठी रेघ मलाही खोपोलीत बिंदू रोवून ओढून आणावी लागली होती.

नाकाबंदी (ठाणे):
म्हणजे शेवटी बिंदूच रोवले! असो. मीही हट्ट सोडतो: वळणांसाठी रूट चालू ठेवावा आणि त्याच मार्गाचा ट्रॅक दुसऱ्या रंगात खाली दिसू द्यावा, दोन्ही वेगळे झाले की यंत्राने मार्ग बदलला, हे तत्काळ कळते.

खाडीकाठचा (दादर):
हे काल लिहिले असते, तर माझी सकाळ वाचली असती. ट्रॅकचा रंग यंत्रातच बदलावा, की फाइल चढवण्याआधी?