बाडापासून टायझेनपर्यंत: सॅमसंगचे तळ्यात-मळ्यात

गवाक्ष

वर्षानुवर्षे जगात सर्वाधिक फोन विकणारी आणि पडदा, मेमरी चिप, कॅमेऱ्याचा सेन्सर असे फोनचे बहुतेक अवयव स्वतःच्या कारखान्यांत घडवणारी सॅमसंग, फोनसाठी स्वतःची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) मात्र उभी करू शकली नाही. ‘कोरियन कंपन्यांना यंत्रे जमतात, सॉफ्टवेअर जमत नाही’ एवढे म्हणून हा विषय सहसा मिटवला जातो. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी घटनाक्रम सांगतो. नोव्हेंबर 2009 मध्ये सॅमसंगने ‘बाडा’ ही आपली प्रणाली जाहीर केली. कोरियन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्र. 2010 मध्ये तिच्यावरचा पहिला फोन, वेव्ह, बाजारात आला. सप्टेंबर 2011 मध्ये इंटेल आणि लिनक्स फाउंडेशन यांच्या साथीने टायझेन या दुसऱ्या प्रणालीची घोषणा झाली आणि पुढे बाडा तिच्यात विलीन करण्यात आली. जपानमध्ये डोकोमो ही दूरसंचार कंपनी टायझेनचा फोन आणणार होती; तिने जानेवारी 2014 मध्ये तो बेत बाजूला ठेवला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘सॅमसंग झेड’ हा फोन रशियासाठी जाहीर झाला आणि जुलैअखेर तोही बारगळला. अखेर जानेवारी 2015 मध्ये सॅमसंगचा टायझेनवरचा पहिला फोन विक्रीला आला तो आपल्याकडे, भारतात: झेड-वन, किंमत 5,700 रुपये.

माझे म्हणणे असे आहे की कमतरता अभियंत्यांची नव्हती, पैशाची तर नव्हतीच. कमतरता होती ती आपला सर्वोत्तम माल आपल्याच प्रणालीच्या भरवशावर बाजारात उतरवण्याच्या तयारीची. वेव्ह आला त्याच उन्हाळ्यात त्याच जातीचा पडदा आणि तोच 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेऊन अँड्रॉइडवरचा गॅलेक्सी एस आला आणि जाहिरात, दुकानातली दर्शनी जागा, पुढच्या वर्षीचा वारसदार असे सगळे त्याच्याच वाट्याला गेले. पाच वर्षांनी टायझेनला उभे केले ते थेट सर्वांत स्वस्त फोनांच्या रांगेत, जिथे गूगलच्या अँड्रॉइड वन योजनेतले 6,399 रुपयांचे फोन काही महिने आधीच येऊन बसले होते. ज्या ग्राहकाला अ‍ॅपसाठी पैसे मोजायचे नाहीत आणि डेटाही जपून वापरायचा आहे, त्याच्या हाती नवी प्रणाली दिली, तर तिच्यासाठी अ‍ॅप लिहायला कोण बसेल? झेड-थ्री 8,490 रुपयांना आणि झेड-टू 4,590 रुपयांना विकून सॅमसंगने या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, फक्त टाळले. लहान मुलांच्या खेळात तळ्यात-मळ्यात करणारा कधीतरी बाद होतोच.

हिशेबनीस

गवाक्ष, आपण घटनाक्रम नेमका मांडला आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला पूर्णपणे उलटा वाटतो. ज्याला आपण डळमळीतपणा म्हणता, त्याला मी शहाणपण म्हणेन.

एकाच प्रणालीवर सर्वस्व लावण्याचा प्रयोग त्याच वर्षांत दुसऱ्या एका कंपनीने केला होता. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार करून विंडोज फोनला आपली मुख्य प्रणाली ठरवले, सप्टेंबर 2013 मध्ये तिचा हँडसेटचा व्यवसाय 5.44 अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टने घेतल्याचे जाहीर झाले आणि 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापोटी सुमारे 7.6 अब्ज डॉलर खात्यातून निर्लेखित करावे लागले. नोकियाचा तमिळनाडूतला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना 2014 च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला, हे आपल्या देशातल्या हजारो कामगारांनी अनुभवले आहे (त्यात कराचा वादही होता, हे मान्य). त्याच काळात सॅमसंगने अँड्रॉइडच्या जोरावर 2012 मध्ये नोकियाला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. यांपैकी कोणत्या कंपनीच्या संचालकांनी चूक केली, हे भागधारकांना विचारून पाहावे.

टायझेनचा खरा उपयोग दुकानात नव्हता, तो वाटाघाटीच्या टेबलावर होता. ऑगस्ट 2011 मध्ये गूगलने 12.5 अब्ज डॉलरना मोटोरोला मोबिलिटी विकत घेण्याची घोषणा केली, तेव्हा अँड्रॉइड वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पोटात गोळा आला असणार, कारण प्रणालीचा मालकच आता फोन बनवून त्यांचा स्पर्धक होणार होता. पुढच्याच महिन्यात टायझेनची घोषणा झाली. जानेवारी 2014 च्या शेवटच्या आठवड्यात सॅमसंग आणि गूगल यांच्यात दहा वर्षांचा पेटंट-करार झाला आणि त्याच आठवड्यात गूगलने मोटोरोला लेनोवोला विकत असल्याचे सांगितले. यात कार्यकारणभाव किती आणि योगायोग किती, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण गेम बनवणारी एपिक विरुद्ध गूगल या खटल्यात 2023 मध्ये जी साक्ष झाली, तिच्यात गूगलने चार वर्षांत सॅमसंगला 8 अब्ज डॉलर देण्याचे मान्य केल्याचे पुढे आले, तेही आपले शोधयंत्र, प्ले स्टोअर आणि असिस्टंट तिच्या फोनांवर मूळचे म्हणून राहावेत यासाठी. ज्याच्याकडे दुसरी वाट नाही, त्याला एवढी रक्कम कोणी देत नाही. विम्याचा हप्ता भरला आणि घर जळले नाही, म्हणून हप्ता वाया गेला असे कोणी म्हणते का?

गवाक्ष

नोकियाचे उदाहरण माझ्या बाजूने आहे, आपल्या नव्हे. नोकिया स्वतःच्या प्रणालीवर सर्वस्व लावून बुडाली नाही; स्वतःची प्रणाली सोडून दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला गेली म्हणून बुडाली. 2011 चा एन-नाइन हा मीगो या प्रणालीवरचा नोकियाचा फोन जाणकारांनी वाखाणला होता, पण तो बाजारात येण्याआधीच कंपनीने त्या वाटेवर पुढे जायचे नाही असे ठरवून टाकले होते.

8 अब्ज डॉलरबद्दल म्हणाल, तर ती रक्कम सॅमसंगला फोनांच्या संख्येमुळे मिळाली, टायझेनमुळे नव्हे. 2023 पर्यंत टायझेनचा फोन कोणाच्या स्मरणातही नव्हता. तिचे अ‍ॅप स्टोअरसुद्धा 2021 च्या अखेरीस बंद झाले होते.

अर्धविराम

मी पुण्यात मोबाइल अ‍ॅप बनवण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. आपण दोघेही कंपनीच्या गच्चीवरून पाहत आहात. एकदा अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून पाहा, कारण घोडे तिथेच पेंड खाते.

बाडासाठी अ‍ॅप लिहायचे ते सी-प्लस-प्लसमध्ये, आणि तेही सॅमसंगने घालून दिलेल्या, बऱ्याच अपरिचित शिस्तीत. बाडा टायझेनमध्ये विलीन झाली, तेव्हा सुरुवातीच्या टायझेनमध्ये ती चौकट जवळजवळ तशीच ठेवली गेली आणि ज्यांनी बाडा शिकून घेतली होती त्यांना वाटले की आपली मेहनत वाचली. 2.3 या आवृत्तीत ती चौकट काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी सी भाषेतला वेगळा संच आला. नेमकी हीच आवृत्ती झेड-वनवर होती. दरम्यान, ‘टायझेन म्हणजे वेबची प्रणाली, एचटीएमएल-फाइव्हमध्ये लिहा’ असाही प्रचार चालू होता. नोव्हेंबर 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने डॉटनेट ही अ‍ॅप लिहिण्याची आणखी एक चौकट आली. म्हणजे सात वर्षांत चार वेळा पाटी कोरी करायची. प्रत्येक बदलाला तांत्रिक समर्थन होते आणि त्यांतले काही बदल मला स्वतःलाही योग्य वाटतात; परंतु अँड्रॉइडवर 2010 मध्ये जावा शिकलेला मुलगा 2017 मध्येही त्याच ज्ञानावर पोट भरत होता, हा फरक कोणत्याही बक्षिसाने भरून निघत नाही.

बक्षिसेही कमी नव्हती. 2013 च्या टायझेन अ‍ॅप स्पर्धेत एकूण 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम ठेवली होती आणि 2017 मध्ये दर महिन्याच्या पहिल्या शंभर अ‍ॅपना प्रत्येकी 10,000 डॉलर देण्याची योजना होती. अशा योजनेने काय होते, हे धंद्यातल्या कोणालाही विचारा: बक्षिसासाठी अ‍ॅप तयार होते, बक्षीस संपले की ते पोरके होते. त्याच वर्षी एका इस्रायली सुरक्षा संशोधकाने टायझेनमध्ये सुमारे 40 अज्ञात त्रुटी सापडल्याचे सांगितले आणि त्यातल्या काही अगदी प्राथमिक स्वरूपाच्या होत्या, हे वाचून माझ्या ओळखीतल्या कोणालाही धक्का बसला नव्हता. पाया दर दोन वर्षांनी उकरला, तर भिंतींना तडे जाणारच.

सॅमसंगच्या इतर सेवांचीही हीच गत झाली. चॅटऑन (संदेश पाठवण्याचे अ‍ॅप) 2011 मध्ये आले आणि 2015 च्या सुरुवातीला गुंडाळले गेले. मिल्क म्युझिक (गाणी ऐकण्याचे अ‍ॅप) 2014 मध्ये आले आणि 2016 मध्ये संपले. एक ना धड, भाराभर चिंध्या. गवाक्ष म्हणतात तशी सर्वोत्तम फोनावर टायझेन घातली असती, तरी दोन वर्षांनी तिचा पाया बदलणारच होता.

हिशेबनीस

अर्धविराम, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. जी प्रणाली आतून इतकी अस्थिर होती, तिच्यावर गॅलेक्सीसारखे चलनी नाणे लावले नाही, हे व्यवस्थापनाने योग्यच केले.

अर्धविराम

हे गोल गोल फिरणे झाले. ती अस्थिर राहिली, कारण तिच्यावर चलनी नाणे लावलेले नव्हते. ज्या प्रणालीवर कंपनीची रोजीरोटी असते, तिचा पाया कोणी इतक्या सहज उकरत नाही.

पडवीतला

चर्चा फोनापाशीच अडकली आहे, म्हणून दिवाणखान्याकडे लक्ष वेधतो. 2015 पासून सॅमसंगचे स्मार्ट टीव्ही टायझेनवर चालतात आणि 2006 पासून टीव्हीच्या बाजारात ही कंपनी पहिल्या क्रमांकावर आहे. 2022 पासून तर ती इतर टीव्ही कंपन्यांनाही टायझेन देऊ लागली. पामकडून एचपीकडे आणि 2013 मध्ये एचपीकडून एलजीकडे आलेली वेबओएस ही प्रणालीसुद्धा फोनावर हरली आणि टीव्हीवर तगली. याचे कारण साधे आहे. टीव्हीवर माणसाला दहाबारा अ‍ॅप लागतात आणि ते बनवणाऱ्या कंपन्या स्वतःहून दारात येतात, कारण त्यांना प्रेक्षक हवे असतात. फोनावर हजारो लहान अ‍ॅप लागतात आणि प्रत्येकाच्या दारात आपल्याला जावे लागते.

‘स्वस्त फोनांमुळे टायझेन बुडाली’ हे गवाक्ष यांचे विधान तर मुळीच टिकत नाही. जुलै 2017 मध्ये जाहीर झालेला जिओफोन 1,500 रुपयांच्या अनामतीवर मिळत होता आणि त्यावरची कायओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसच्या अवशेषांतून उभी राहिलेली होती. 2018 च्या सप्टेंबरमध्ये तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले आणि त्याआधी गूगलने कायओएसमध्ये 2.2 कोटी डॉलर गुंतवले होते. फोन स्वस्त असणे हा दोष नाही. जिओफोन घेणाऱ्याला बटणांचा फोन बदलायचा होता, त्यामुळे जे मिळाले ते त्याला जास्तच वाटले. झेड-वन घेणारा तो अँड्रॉइडशी ताडून पाहत होता, त्यामुळे त्याला काय नाही तेच दिसले.

कोकणकडा

पडवीतला यांची तुलना मला आवडली, पण या सगळ्यात गूगलच्या अटींचा उल्लेख कसा नाही? युरोपीय आयोगाने जुलै 2018 मध्ये गूगलला 4.34 अब्ज युरोंचा दंड केला (न्यायालयाने तो पुढे थोडा कमी केला) आणि आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 1,337.76 कोटींचा. दोन्ही आदेशांत एक बाब ठळक आहे: प्ले स्टोअर हवे असेल, तर अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती दुसऱ्या कोणत्याही उपकरणावर विकायची नाही. टायझेन ही अँड्रॉइडची आवृत्ती नसल्यामुळे तिला ही अट थेट लागू नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण याचा अर्थ असा, की अँड्रॉइडचाच गाभा घेऊन त्यावरचे अ‍ॅप चालवणारी स्वतःची प्रणाली काढण्याची सोपी वाट सॅमसंगला बंद होती. उरली ती शून्यातून सुरुवात करण्याची.

हुआवेचे उदाहरण घ्या. मे 2019 मध्ये अमेरिकेने तिला निर्बंधांच्या यादीत टाकल्यावर गूगलच्या सेवाच गेल्या, म्हणजे गमावण्यासारखे काही उरले नाही. तिने आधी अँड्रॉइडचे अ‍ॅप चालवणारी हार्मनी ओएस फोनांवर आणली आणि 2024 मध्ये अँड्रॉइडचा आधार पूर्णपणे काढून घेतला. तिच्यामागे चीनची घरची बाजारपेठ होती, जिथे प्ले स्टोअर नव्हतेच. सॅमसंगला ना अशी सक्ती झाली, ना तिच्यामागे अशी बाजारपेठ होती.

गवाक्ष

जिओफोनच्या उदाहरणाने माझा किमतीबद्दलचा मुद्दा लंगडा पडला, हे कबूल करतो. अटींचा मुद्दाही मी लक्षात घ्यायला हवा होता.

तरीही स्मार्ट घड्याळाचे काय, हे हिशेबनीस यांना विचारावेसे वाटते. तिथे सॅमसंगने तळ्यात-मळ्यात केले नाही. 2013 चे पहिले गॅलेक्सी गिअर अँड्रॉइडवर होते, पुढच्याच वर्षी टायझेन आली आणि 2015 च्या गिअर एस-टूची फिरती कडा हा त्या काळातला घड्याळांवरचा सर्वांत सुबक शोध होता, असे माझे मत आहे. तिथे बाजार हातात होता, माल उत्तम होता, गूगलची स्वतःची घड्याळ-प्रणाली मागे पडली होती. आणि मे 2021 मध्ये सॅमसंगने आपण होऊन टायझेन गूगलच्या वेअर ओएसमध्ये मिसळून टाकली. हा कोणता विमा?

हिशेबनीस

टायझेनच्या घड्याळावर गूगलचे नकाशे नव्हते, गूगलची पैसे देण्याची सोय नव्हती आणि त्या कधी येतील याची खात्रीही नव्हती. मनगटावरच्या घड्याळाचा मालक खिशात अँड्रॉइड बाळगत असेल, तर त्याला त्या सेवा लागणारच. ऑगस्ट 2021 च्या गॅलेक्सी वॉच फोरवर त्या मिळू लागल्या. ग्राहकाच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा होता.

गवाक्ष

अँड्रॉइडवाल्या ग्राहकाच्या दृष्टीने होता. टायझेनची आधीची घड्याळे आयफोनशीही जोडता येत होती; वॉच फोरपासून ती सोय गेली.