चार हजारांचा 'दमास्कस' की लोहाराचा कोयता?

माडबनकर:
दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ट्रेकिंग ग्रुपांवर फिरते आहे: 'पाच हजारांखालचे सर्वोत्तम मोठे चाकू'. पहिला नंबर चार हजारांच्या दमास्कस बोवीला (बोवी म्हणजे लांब पात्याचा शिकारी चाकू, दमास्कस म्हणजे थर घडवून लाटांची नक्षी आलेलं पोलाद). शेवटी शेरा, 'गावठी कोयते ओबडधोबड आणि बेभरवशाचे, टाळा.' तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून हा धागा.

चार हजारांत मिळणारं दमास्कस बहुतेक वेळा स्वस्त स्टेनलेसवर लेझरने किंवा ॲसिडने उमटवलेली नक्षी असते. बारीक पॉलिश पेपर मारा, लाटा गायब. खरोखर थर घडवलेलं आलंच, तर कुठली दोन पोलादं वापरली हे विकणारा सांगत नाही. त्यात पातं मुठीत जेमतेम दोन बोटं शिरलेलं, बाकी सगळा भार डिंकावर. फोटोत झकास. ओल्या बांबूवर चार घाव घाला आणि मग बोलू.

आमच्याकडे लोहार ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता घडवतो. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. दणके खाऊन परत जागेवर यायचं, हेच त्याचं काम. सात-आठशेत कोयता होतो. देखणा हवा असेल तर उरलेले पैसे मुठीवर घाला. शिसवीची मूठ, पितळेची शेंबी (मुठीच्या तोंडाची कडी), पाठीवर कानशीने थोडी नक्षी. त्या बोवीच्या तोंडात मारेल असा दिसतो.

गडफिरस्ता:
ती पोस्ट माझी आहे. मागून बोलण्यापेक्षा तिथेच लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

'बेभरवशाचे' हे मी उगाच लिहिलेलं नाही. आठवडी बाजारातून घेतलेल्या कोयत्याचं पातं पावसात लाकूड तोडताना मुठीतून निसटलं आणि मित्राच्या कानाजवळून गेलं. त्या दिवसापासून माझ्यापुरता विषय संपला. तुमची शिसवीची मूठ शोकेसमध्ये ठेवा.

भट्टीवाला:
भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आहे, म्हणून दोघांनाही दोन शब्द.

पाटा चांगला, मान्य. पण पोलाद ही अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी पाणी देण्यात, म्हणजे तापवून-विझवून कडक करण्यात आहे. पातं इतकं तापायला हवं की चुंबक चिकटायचं बंद होतं (770 अंशांच्या आसपास), त्याच्याही थोडं वर. मग तेलात. या पोलादाला थेट पाण्यात बुडवलं की भेग जायची शक्यता, आणि ती भेग काजळीखाली दिसत नाही. नंतर पुन्हा मंद तापवून धारेवर गवती पिवळा रंग आणायचा. ही पायरी गाळली तर धार काचेसारखी तुटते, जास्त तापवलं तर बोथटते. जुन्या पाट्यात लाखो हेलकावे खाऊन सूक्ष्म चिरा पडलेल्या असू शकतात, ते वेगळंच. आणि बाजारातले निम्मे 'पाट्याचे' कोयते साध्या लोखंडी पट्टीचे असतात, काळा रंग मारलेले. त्यांना कितीही पाणी द्या, कडक होणार नाहीत.

घेताना खिशात छोटी कानस ठेवा. धारेवर हलकेच फिरवा. सहज चावली तर पातं मऊ, घसरली तर ठीक.

माडबनकर:
निम्मे? मोजले कधी?

भट्टीवाला:
नाही मोजले. माझ्याकडे पाणी द्यायला येतात त्यावरून बोलतोय. तुमच्या लोहाराचा अपमान केलेला नाही, शांत व्हा.

आवाठातलो:
बाजारात कोयतो घेतंस कित्याक? लोहाराच्या साळेर जा. तो आधी इचारतलो, नारळ सोलूक व्हयो काय कवळ (हिरवो पालो) तोडूक? दोनांचो बाक येगळो, वजन येगळा. गडफिरस्त्यांच्या मुठीत पाता धरूक लाख भरूकच नसतली. पाव्साआधी मूठ बघूची, ढिली झाली तर परत बसवन घेवची, ह्या आमच्याकडे पोरांकाव म्हायत.

गडफिरस्ता:
म्हणजे वस्तू घ्यायची, वर दर पावसाळ्याआधी लोहाराकडे वारी करायची. नोकरी सोडू का?

निवृत्त फौजी:
इतकं भांडण कशाला, खुकरी घ्या. देहरादूनची दोन-अडीच हजारांत चांगली मिळते. नेपाळी कामी (लोहार) फक्त धारेच्या बाजूला किटलीने पाणी ओततात, त्यामुळे धार कडक आणि पाठ मऊ राहते. वजन पुढे असल्याने मनगटावर ताण येत नाही. दिसण्याबद्दल बोलायलाच नको. सरळ मुठीच्या बोवीने लाकूड तोडायला जाणाऱ्याचं मला हसू येतं.

रानवाटा:
तोडायचं, तोडायचं काय लावलंय सगळ्यांनी? गडावर जाऊन नेमकं काय तोडता? गडफिरस्ता, तुमच्या पोस्टमधला फोटो हरिश्चंद्रगडावरचा आहे. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 31: परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश नाही. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे. वासोट्याला, म्हणजे कोयना अभयारण्यात, हाच बोवी मिरवलात तर वनखात्याचे लोक काय करतील ते बघा. चार हजार पाण्यात.

गडफिरस्ता:
कांदा चिरायचा चाकू सगळेच नेतात. किती जणांना पकडलं आजवर?

रानवाटा:
कांदा चिरायला तुमच्या बोवीसारखे 12 इंच लागतात?

पेठेतला:
विषय निघालाच आहे तर. शस्त्र नियम 2016 च्या परिशिष्टात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं वगळून. म्हणजे कागदावर माडबनकरांचा कोयता शेतीत मोडून सुटतो आणि बोवी अडकतो. प्रत्यक्षात पुण्यात उलटं. आईला नारळ सोलायला कोयता हवा म्हणून बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेलो, तर आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. बोवी मात्र कुरिअरवाला दारात ठेवून गेला असता, सहीसुद्धा न घेता.

माडबनकर:
वा! म्हणजे सुपारीच्या बागायतदाराने ओळखपत्र घेऊन फिरायचं.

पेठेतला:
माझ्यावर कशाला डाफरता, मी नियम केलेले नाहीत. शिवाय 'शेतीचं हत्यार' म्हणून लगेच खूश होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मधल्या कलम 37 चा (सार्वजनिक जागी हत्यार बाळगण्यावरचा) मनाई आदेश लागू असेल, तर रस्त्यात कोयता घेऊन दिसणं पुरेसं आहे. पेपरात रोज वाचता ना, 'कलम 4(25), 37(1) सह 135'. पहिलं शस्त्र कायद्याचं, बाकीची याच अधिनियमाची. पिशवीत गुंडाळून न्या, बिल जवळ ठेवा.

फडातला:
बराच वेळ वाचतोय. मी बीडच्या केज तालुक्यातला, आईवडील ऊसतोडीला जायचे. तुमच्या शहरात चार पोरं हातात हत्यार घेऊन गाड्या फोडतात आणि पेपरवाले त्याला 'कोयता गँग' म्हणतात. आमच्याकडे मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एकटा असला तर अर्धा कोयता. वर्षाचा हिशोब ज्या हत्यारावर चालतो ते विकत घ्यायला आता आमच्या पोराने आधार कार्ड दाखवायचं, आणि इथे चर्चा काय, तर शिसवीची मूठ की पितळेची शेंबी!

आणि माडबनकर, भट्टीवाले, जड पाट्याचं कौतुक पुरे. ऊस तोडायचं पातं पातळ आणि हलकं लागतं. दिवसभर वाकून हात चालवायचा असतो. तुमचा देखणा जड कोयता आईच्या हातात दिला असता तर दुपारपर्यंत खांदा गेला असता.

भट्टीवाला:
पातळ पात्याचं बरोबर. मी जाड लाकडाच्या हिशोबाने लिहीत होतो.

निवृत्त फौजी:
फडातला, तुमचं म्हणणं पटतं, पण धागा चाकू घेण्याबद्दल आहे.

फडातला:
मीही चाकू घेण्याबद्दलच बोलतोय. तुम्हाला तो छंद वाटतो एवढाच फरक.

गडफिरस्ता:
बरं. पोस्टमधलं 'टाळा' काढतो. त्याऐवजी 'लोहार ओळखीचा असेल तर घ्या, नसेल तर कानस आणि वकील सोबत न्या' असं टाकतो. खूश? बोवी पहिल्या नंबरवरच राहील, कारण निम्म्या लोकांना भिंतीवर लावायलाच हवा असतो आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटते.

माडबनकर:
भिंतीसाठी हवा असेल तर बोवी चालेल. तेवढंही देतो तुम्हाला.

आवाठातलो:
भितीर लावा नायतर खय पण लावा, खोबरेल लावल्याशिवाय ठेव नकात. आमच्या खाऱ्या वाऱ्यात आठ दिवसांत गंज चढता. दमास्कस खरा असात तर तेकाय चढतलो.

पेठेतला:
कुणी सांगेल का, आईला नारळ सोलायला नेमका कोणत्या बाकाचा घेऊ? झेरॉक्स तयार आहे.