स्वस्त तारखेसाठी क्रूझ पुढे ढकलावी का? तुमचे अनुभव सांगा

ठाण्याहून, धागा काढणारी

येत्या २७ डिसेंबरला आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. त्यासाठी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. २६ तारखेला निघायचं, म्हणजे लग्नाचा वाढदिवस बरोबर समुद्रात. आम्ही पाच जण आहोत: आईबाबा, आम्ही दोघं आणि नववीतली लेक. बाल्कनीच्या दोन केबिन घेतल्यात. डिपॉझिट भरलंय, बाकीचे पैसे पुढच्या महिन्यात द्यायचेत.

काल एजंटचा फोन आला. तेच जहाज, तशाच केबिन, पण १८ जानेवारीची फेरी घेतली तर माणशी १९ हजार कमी. पाच जणांचे ९५ हजार! शुक्रवारपर्यंत काय ते कळवा म्हणाले.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याचं मत, एवढे पैसे उगाच का घालवायचे. बाबा विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडून बसलेत. लेकीला मैत्रिणींना सांगून झालंय, त्यामुळे तिला डिसेंबरच हवा. आई काहीच बोलत नाहीये. तिने गेल्या आठवड्यात गोखले रोडवरून पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत आणि सकाळ-संध्याकाळ ते घालून घरातल्या घरात चालते, पायाला सवय व्हावी म्हणून.

तुमच्यापैकी कुणी भाड्यातल्या फरकासाठी तारीख बदलली असेल, किंवा विचार करून बदलली नसेल, तर प्लीज सविस्तर लिहा. काय वाचलं, काय गेलं, सगळंच ऐकायचंय.

न्यू जर्सीहून

ताई, आम्ही बदलली होती. मार्चमधल्या सुट्टीच्या आठवड्यातलं फ्लोरिडाहून कॅरिबियनला जाणारं बुकिंग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेलं. भाडं जवळजवळ निम्मं झालं. इतकं स्वस्त का, हे तेव्हा नीट विचारलं नाही. तिकडे चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. आम्ही त्यातच जाऊन बसलो.

जहाज वादळात शिरत नाही, हे आधी सांगते, कारण माझ्या सासूबाई त्या काळजीने जेवेनाशा झाल्या होत्या. जहाज वाट बदलतं. निघायच्या आदल्या दिवशी मेल आला की पूर्वेकडची बेटं रद्द, आता मेक्सिकोचं कोझुमेल. नवऱ्याला पोर्टो रिकोमधल्या सान हुआनचा स्पॅनिश किल्ला बघायचा होता. दोन महिने तो त्याबद्दल वाचत होता, किल्ल्याचा नकाशा छापून घेतला होता. तो नकाशा तसाच घडी घातलेला बॅगेतून परत आला. बंदर बदललं म्हणून भरपाई मिळत नाही. जिथे गेलो नाही त्या बंदराचे कर तेवढे परत मिळाले, कारण बंदरं बदलायचा हक्क करारातच जहाजाच्या बाजूने लिहिलेला असतो. मुलांना काही फरक पडला नाही, त्यांना पोहण्याचा तलाव पुरला. पण ज्याला ठिकाणं बघायची असतात त्याच्यासाठी ही बचत नव्हे.

विमा काढायचा असेल तर बुकिंग करतानाच काढा. वादळाला नाव मिळालं की ते ‘आधीपासून माहीत असलेलं संकट’ ठरतं आणि त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी चालत नाही.

आता आम्ही थँक्सगिव्हिंग झाल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो. वादळं सरलेली असतात, नाताळची गर्दी सुरू झालेली नसते, आणि भाडंही उतरलेलं असतं.

रत्नागिरीहून

माझा अनुभव आपल्याच समुद्रातला आहे. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं एप्रिलच्या सुरुवातीचं बुकिंग होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यातली फेरी बरीच स्वस्त मिळाली म्हणून मी बदलून घेतलं.

आमची आजी आगबोटीच्या काळातली. मुंबई-कोकण बोट पावसाळ्याआधी बंद व्हायची आणि नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायची, हे वेळापत्रक तिच्या अंगात भिनलेलं. १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्या दिवसाची आठवण ती निघाली की आवाज खाली आणून सांगायची. आजी आज असती तर मला म्हणाली असती, वैशाख सरल्यावर दर्यावर कसला जातोस? आता जहाजं मोठी आहेत, भीतीचं कारण नाही, हे मला ठाऊक आहे. पण समुद्र तोच आहे.

झालं असं की अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटीतून बेटावर नेतात. मोठ्या जहाजाच्या दारात उभं राहायचं, खाली छोटी बोट लाटेबरोबर दोन हात वर येते, दोन हात खाली जाते. ती वर आली की खलाशी दंडाला धरून तुम्हाला आत घेतात. त्या सकाळी आम्ही लाइफ जॅकेट घालून तास-दीड तास रांगेत बसलो होतो. लाटा वाढल्या आणि उतरणं रद्द झाल्याचं सांगितलं. समोर फिकट निळं पाणी, नारळाची झाडं, पांढरी वाळू, सगळं स्पष्ट दिसत होतं. माझ्या बायकोने मुलाला कडेवर उचलून ते बेट दाखवलं आणि आम्ही केबिनमध्ये परत आलो. परतीच्या रात्री तिला बोट लागली ती मुंबई येईपर्यंत.

पैसे वाचले हे खरं आहे. पण ज्यासाठी निघालो ते पाहिलं नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पूर्ण भाडं भरून पुन्हा गेलो, आणि मुलगा त्या वाळूत दुपारभर बसला होता.

सिंगापूरहून

ठाण्याच्या ताईंना इथली माहिती देतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत इथल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून जहाजं भरलेली आणि भाडी चढलेली. जानेवारीत शाळा उघडल्या की दर खाली येतात. चिनी नववर्षाच्या आसपास ते परत चढतात, तेवढी तारीख टाळा. तेव्हा तुमची स्वस्ताई हवामानामुळे नाही, सुट्टी संपल्यामुळे आहे. फुकेतच्या बाजूचा समुद्र जानेवारीत सहसा शांत असतो. तिथे दमट, खवळलेला मोसम साधारण मे ते ऑक्टोबर.

आईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट नक्की विचारा: फुकेतला जहाज धक्क्याला लागणार की पाटोंगसमोर उभं राहून छोट्या बोटींनी नेणार? रत्नागिरीकरांनी लिहिलंय ते वाचलंच असेल. शिवाय सिंगापूरचा व्हिसा आधीच काढला असेल तर तो जानेवारीत चालेल का आणि एकाहून जास्त प्रवेशांचा आहे का, ते तपासा. क्रूझवरून परतताना तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता.

कोल्हापूरहून

आम्ही तारीख बदलली नाही आणि मला त्याचं समाधान आहे. भूमध्य समुद्रातली क्रूझ होती, बार्सिलोनाहून, ऑक्टोबरमधली. टूरवाल्यांनी सप्टेंबरमधली तारीख स्वस्तात देऊ केली. कॅलेंडर बघितलं तर नेमका पितृपंधरवडा. लोक त्या दिवसांत प्रवासाला निघत नाहीत म्हणून आपल्याकडच्या टूरना तेव्हा सवलत असते, असं त्यांनीच सांगितलं.

मामंजींना जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांची तिथी त्या आठवड्यात येत होती. माझ्या नवऱ्याने कॅलेंडर परत भिंतीला लावलं आणि म्हणाले, ‘मी घरी असणार.’ विषय तिथेच संपला.

नंतर कळलं, शेंगेन व्हिसाही अडला असता. आमचा व्हिसा प्रवासाच्या तारखांपुरता, वर थोडे दिवस, असाच मिळाला होता. तारीख बदलली असती तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि पुण्या-मुंबईची अपॉइंटमेंट मिळायला हवी.

सिअॅटलहून

अलास्काबद्दल लिहिते. सांगलीहून आईबाबा आले होते. जुलैचं बुकिंग बदलून मेच्या पहिल्या आठवड्यात नेलं आणि निर्णय चांगला ठरला. डोंगरांवर बर्फ होता, गर्दी नव्हती, आणि अलास्काच्या त्या भागात मे हा तुलनेने कोरडा महिना असतो. सॅमन मासे नदीत चढतात आणि अस्वलं ते धरायला येतात, तो देखावा जुलै-ऑगस्टचा. तो हुकला. बाबांनी मात्र बाल्कनीतून देवमाशाची शेपटी पाण्याबाहेर येताना पाहिली आणि आईला हाक मारायचंही विसरले.

बदलताना एकदा फसणार होतो. सगळ्यात स्वस्त दिसणारी फेरी एका बाजूची होती, अलास्कातल्या सुअर्डपासून व्हँकुव्हरपर्यंत. क्रूझ स्वस्त, पण अँकरेजपर्यंतचं विमान आणि व्हँकुव्हरहून परतीचं विमान धरलं तर उलट महाग. तारखेबरोबर बंदर बदलत नाही ना, ते बघाच. सिअॅटलहून निघणारी जहाजंसुद्धा बहुतेक कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला परदेशी बंदर घेतल्याशिवाय अशी फेरी करता येत नाही. म्हणून आम्ही आईबाबांसाठी कॅनडाचा व्हिसाही काढला.

पुण्याहून

मी निवृत्त शिक्षिका, एकटी फिरते. जाहिरातीतलं भाडं ‘एका केबिनमध्ये दोघं’ धरून माणशी लिहिलेलं असतं. एकटीला बहुतेकदा दोघांचं भरावं लागतं. माझ्या मूळ तारखेला एकट्यासाठीची केबिन होती, स्वस्त तारखेला ती संपलेली होती. त्यामुळे माझा प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

बे एरियातून

शेवटचे पैसे भरण्याआधी *तुमच्याच* तारखेचा आजचा भाव विचारलात का? अमेरिकेत आम्ही दर आठवड्याला बघतो. भाव उतरला असेल तर पूर्ण पैसे भरायच्या मुदतीपर्यंत अनेकदा त्याच बुकिंगला नवा दर लावून मिळतो. भारतातल्या एजंटच्या अटी वेगळ्या असू शकतात, पण विचारायला काय हरकत आहे?

दुसरं, ‘तशीच केबिन’ म्हणजे नेमकी कुठली, ते लिहून घ्या. स्वस्त भाड्यात पुष्कळदा केबिनचा नंबर जहाज ठरवतं. वयस्कर माणसांना जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची आणि लिफ्टजवळची खोली हवी. तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं.

ठाण्याहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. विमानाची तिकिटं आधीच काढलेली होती, ती बदलायचे पाच जणांचे आकार आणि फरक धरले, क्रूझची तारीख बदलण्याचा आकार धरला. ९५ हजारांचे ४१ हजार उरले. आमच्या तारखेचा आजचा भावही विचारला, तो काही उतरलेला नाही. केबिन मधल्या डेकवरच्या मिळतायत, नंबर लिहून घेतलेत. लेकीच्या शाळेत विचारलं, त्या आठवड्यात परीक्षा नाही, चार दिवस बुडतील.

मग माझ्या लक्षात आलं की आईला कुणी विचारलंच नाहीये. मी विचारलं. ती ताटं आवरत होती. म्हणाली, ‘२७ तारखेला मला घरी राहायचंय. पूजा घालू, चिपळूणहून माई येईल, तुझे काका येतील. बोटीवर त्या दिवशी मला कोण ओळखीचं भेटणार? जानेवारीत जाऊ. आणि माईला नेता येईल का गं?’

माई म्हणजे माझी मावशी. तिने आजवर समुद्र फक्त गुहागरच्या किनाऱ्यावरून पाहिलाय. एजंटला सकाळी फोन केला, आईबाबांच्या केबिनमध्ये तिसरा पलंग निघतो आणि तिसऱ्या माणसाचं भाडं बरंच कमी आहे. उरलेल्या ४१ हजारांत थोडी भर घातली की तिचं भाडं आणि विमान दोन्ही बसतं. डिसेंबर असता तर हे जमलंच नसतं, कारण तिच्याकडे पासपोर्टच नाही.

१८ जानेवारी नक्की केली. मावशीचा पासपोर्टचा अर्ज आज दुपारी भरला. तिचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाहीये, त्यासाठी उद्या भाऊ चिपळूणला जातोय. लग्नानंतरच्या नावबदलाचं कुणी अलीकडे केलं असेल तर कुठली कागदपत्रं लागली ते कृपया कळवा.