मदत हवी आहे: एम३५ए२ ट्रकचं ब्रेक पेडल तळाला जातंय, फ्लुइड गळताना मात्र कुठेच दिसत नाही

मंडळी, ओहायोत घरच्या आवारात अमेरिकन लष्करातून निघालेला अडीच टनी एम३५ए२ उभा आहे. एएम जनरलची बांधणी, मल्टिफ्युएल (अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणारं) इंजिन. इंजिन छान चालतं, ब्रेकला जोर देणारी हवा ११० पीएसआयपर्यंत (दाबाचं एकक) भरते. अडचण ब्रेकची आहे. पहिल्या दाबाला पेडल थेट फळीला टेकतं. तीन-चारदा पंप केलं की वर येतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली बसतं. मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की फ्लुइड पुढे ढकलणारा भाग) फ्लुइड कमी होतंय, पण टायरवर किंवा जमिनीवर टिपूससुद्धा नाही. शिवाय अगदी मागचा डावा हब (चाकाचा मधला भाग) आवारात थोडं फिरवलं तरी तापतो. नवा मास्टर सिलिंडर आणून ठेवलाय. तेवढा बदलून भागेल का? आणि डॉट ३ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) फ्लुइड चालेल का?

ग्रीसगन:
आधी ट्रक हलवणं बंद करा, आवारातसुद्धा. या गाडीत सहाही चाकांना मिळून हायड्रॉलिकचं एकच सर्किट आहे. एक व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) फुटला की सगळे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारी गिअरपेटी) ड्रमवर लागतो, तो उभी गाडी धरण्यापुरता. मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरन्शियलमुळे (ॲक्सलच्या दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) तोही निकामी होतो. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि ॲक्सलखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय खाली शिरू नका. रिकामा ट्रक सहा टनांच्या आसपास भरतो.

पंप केल्यावर पेडल वर येतं, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे किंवा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) ड्रमपासून फार लांब आहेत. पाय ठेवल्यावर बसतं, म्हणजे मास्टरची रबरं फ्लुइड सोडतायत किंवा पुढे कुठेतरी गळतंय. बाहेर थेंब नसेल तर दोन जागा बघायच्या. एक, व्हील सिलिंडरचे डस्ट बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं): फ्लुइड बुटात साठतं आणि ड्रम काढेपर्यंत दिसत नाही. दुसरी, चासीवरचा एअर पॅक (हवेच्या दाबाने फ्लुइडचा दाब वाढवणारा भाग). त्याचं आतलं सील गेलं की फ्लुइड हवेच्या बाजूला जातं. टाक्यांमधली हवा सोडा, एअर पॅकची हवेच्या बाजूची जोडणी उघडा. आत ओल दिसली तर एअर पॅक रिबिल्ड करावाच लागेल. नुसता मास्टर बदलून काही साधणार नाही.

चौथा गिअर:
तापणाऱ्या हबबद्दल. चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडर (व्हील सिलिंडरवरचा फ्लुइड-हवा सोडायचा स्क्रू) सैल करा. लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलाय. जुना रबरी होज आतून फुगला की असं होतं, पण एक होज अख्ख्या ॲक्सलला पुरवतो, त्यामुळे तेव्हा दोन्ही बाजू तापायला हव्यात. सहाही चाकं धरत असतील तर पेडलचा मोकळा खेळ बघा, साधारण पाव ते अर्धा इंच हवा. तुमचं एकच चाक आहे, त्यामुळे माझा संशय गंजून अडकलेल्या सिलिंडरवर किंवा घट्ट बसलेल्या बेअरिंगवर.

ड्रम काढायला हब उतरवावा लागतो. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत, हे विसरून जोर लावला की स्टड तुटतात. मागच्या जोडचाकांना बाहेरचा नट दीड इंची, आतला १३/१६ इंची चौकोनी. हबच्या नटाला तीन इंची सॉकेटच वापरा. छिन्नी-हातोडीने नट आणि आटे दोन्ही खराब होतात. शूवर गिअर ऑइल दिसलं तर सील बदलायच्या आधी ॲक्सलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) साफ करा. तो चोंदला की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळू लागतं.

धागाकर्ता:
उद्या एअर पॅक उघडतो. फ्लुइडचं काय?

ग्रीसगन:
आत काय आहे ते आधी ओळखा. वाटीभर पाण्यात चार थेंब टाका. विरघळलं तर डॉट ३ किंवा ४, वेगळं राहिलं तर सिलिकॉनचं डॉट ५. या ट्रकांत लष्कराने पुढे डॉट ५ वापरलं. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी खाली सिलिंडरात साचतं आणि तिथेच गंजाचे खड्डे पडतात. दोन प्रकार कधीही मिसळू नका. बदलायचंच असेल तर सगळ्या लाइनी अल्कोहोलने धुऊन, रबरं नवी घालून बदला.

माझा आग्रह एवढाच की सहाही व्हील सिलिंडर आणि सगळे होज एकाच वेळी नवे घाला. एकच सर्किट असताना पाच जुने ठेवण्यात बचत नाही. मग बॅकिंग प्लेटमागच्या (शू बसवलेली चकती) कॅमने शू ड्रमला लागेपर्यंत आणा आणि चाक मोकळं फिरेल इतके मागे घ्या. त्यानंतर ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं): हवेच्या टाक्या रिकाम्या ठेवून आधी एअर पॅक, मग सगळ्यात लांबचं चाक, तिथून जवळ येत जा. डॉट ५ ढवळू नका, सावकाश ओता. त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात. शेवटी हवा भरून इंजिन बंद करा आणि पेडल दाबून धरा. एअर पॅकमधून सतत फुसफुस आली किंवा पेडल सरकलं तर तो पुन्हा उघडावा लागेल. आकडे लष्कराच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून, टीएम ९-२३२०-३६१-२० मधून, घ्या.