.३८ स्पेशल, घरी ओतलेली शिशाची गोळी: बुल्सआय संपत आलीय, पुढची पावडर कशी निवडावी?

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे. इथे यावर आधीचा धागा सापडला नाही म्हणून नवा काढतोय. मी ओहायोत असतो, ग्रीन कार्ड आहे, आणि रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल काडतुसं घरी स्वतःपुरती भरतो. (इथे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.) शिकार वगैरे नाही, फक्त कागदावर नेम.

हत्यार स्मिथ अँड वेसन मॉडेल १४, ६ इंची नळी. गोळी १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) सेमी-वॉडकटर, म्हणजे चपट्या नाकाची, टायरवाल्याकडच्या जुन्या चाकाच्या वजनांचं शिसं आणि चिमूटभर कथील घालून ओतलेली, साच्यातून काढून हवेतच गार केलेली. साइझ .३५८. वंगण म्हणजे मधमाशीचं मेण आणि अ‍ॅलॉक्स (मेणासारखं तयार वंगण), निम्मं-निम्मं.

आतापर्यंत बुल्सआय या पावडरीवर (पावडर म्हणजे काडतुसातली दारू) सुखाने चाललं होतं. आता डबा तळाला आलाय आणि आमच्या भागात बुल्सआय काय, युनिक काय, दोन्ही दिसेनाशा झाल्यात. दुकानात आहे ती एचपी-३८ आणि टाइटग्रुप. क्लबमधला एक जण अर्धा डबा ट्रेल बॉस देतो म्हणतोय.

किती ग्रेन भरायची हे विचारत नाहीये. ते लायमनच्या पुस्तकात आणि हॉजडनच्या तक्त्यात आहे, आणि कृपा करून इथे कुणी वजनं लिहू नका. कुणीतरी दुसऱ्याच गोळीला तो आकडा लावेल आणि नसती आफत यायची.

माझा प्रश्न तुलनेचा आहे. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराचं, म्हणजे पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांडीची) लांबी काळ्या दारूच्या हिशोबाने ठरलेली. आजची वेगाने जळणारी पावडर त्यात तळाशी पडून राहते आणि वर अर्ध्याहून जास्त पुंगळी रिकामी. मग नळी खाली करून उचलली तर पावडर गोळीकडे सरकलेली असते, वरून खाली आणली तर प्रायमरकडे (बुडाशी ठिणगी देणारी टोपी). पुस्तकातला वेग हा टेस्ट बॅरलमधला, त्यात ही भानगड दिसतच नाही. मग तीन पावडरी समोर असतील तर बरोबरीची तुलना करायची कशी? सारख्या वजनाला? सारख्या वेगाला? की सरळ २५ यार्डांवर टेकून झाडायच्या आणि ज्याचा गट लहान ती घ्यायची? क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) आहे. जाणकारांनी सांगावं.

– घोडनवमी

*

खलबत्ता:

घोडनवमी, पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं हाच उद्योग करतोय, म्हणून लिहितो.

पावडरीकडे जायच्या आधी गोळी बघा. सिलिंडरच्या सहाही घरांच्या तोंडाशी तुमची .३५८ ची गोळी बोटाने ढकलून पाहा. थोडी अडत अडत गेली तर उत्तम. टपकन खाली पडली तर गोळी बारीक आहे. मग कुठलीही पावडर आणा, गरम वायू बाजूने निसटून गोळीची कड खाणार आणि नळीत शिसं चिकटणार, आणि तुम्ही पावडरीला शिव्या घालत बसणार. दुसरं, हलक्या लोडला फार कडक मिश्रण नको. चाकाच्या वजनांचं शिसं हवेत गार केलेलं साधारण १० ते १२ ब्रिनेल (कडकपणाचं माप) असतं, ते .३८ ला पुरेसं आहे. (हल्ली त्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही येतात, ती आधी वेचून काढा. जस्त भांड्यात गेलं की साचा नीट भरत नाही.) लोक लिनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचं कडक मिश्रण) घालून दगडासारख्या गोळ्या करतात. .३८ च्या दाबाला त्या बुडाशी फुगत नाहीत आणि उलट जास्त शिसं सोडतात.

आता पावडर. सारख्या वजनाला तुलना करणं निरर्थक आहे, प्रत्येकीची घनता आणि ताकद वेगळी. सारख्या वेगाला करा. तक्त्याच्या मर्यादेत राहून, खालच्या टोकापासून सुरुवात करून, तिन्ही साधारण ७५० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास आणा. हा १५८ ग्रेनच्या जुन्या कारखानी काडतुसाचा वेग. मग बाकी सगळं तोलता येतं.

जागा बदलल्याने किती फरक पडतो ते असं बघा: प्रत्येक गोळीआधी नळी खाली झुकवून हळू वर आणून झाडायची, तसा एक संच. मग नळी वर करून हळू खाली आणून, दुसरा संच. दोन सरासरींमधलं अंतर म्हणजे त्या पावडरीचा चंचलपणा. पावडर प्रायमरकडे असली की वेग जास्त येतो. मात्र रेंज ऑफिसरला आधी विचारा, कित्येक रेंजवर नळी वर करायला सक्त मनाई असते.

माझा अनुभव: एचपी-३८ मापात अतिशय गुणी, बारीक चपटे दाणे, मापकातून (पावडर मापून ओतायच्या यंत्रातून) दर वेळी तेवढीच पडते. जागेचा फरक मात्र तिच्यात दिसतो. टाइटग्रुपमध्ये तो कमी दिसतो, पण ती गरम जळते आणि मेण-अ‍ॅलॉक्सच्या गोळीला भरपूर धूर काढते. युनिक मिळालीच कधी, तर तिचे मोठे पापुद्रे मापकात कुरकुरतात हे लक्षात ठेवा.

*

ओवाळणी:

एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर आहे, डबे दोन. फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यातून येते. २००६ पासून विंचेस्टर नावाच्या पावडरीही हॉजडनच विकतं, आणि तक्त्यात दोघींचे आकडे शेजारी शेजारी तेच असतात. दुकानात एक नसेल तर दुसरी बघा. एच११० आणि २९६ चंही तेच, पण त्या .३८ च्या हलक्या लोडसाठी अजिबात नाहीत.

ट्रेल बॉस घेऊ नका. पावडर छान आहे, मधे भोक असलेल्या चकत्या, पुंगळी भरून टाकते, त्यामुळे तुमचा सरकण्याचा प्रश्नच मिटतो. पण बरेच दिवस बाजारात नाही. अर्ध्या डब्यावर मन जडवून पुढे काय करणार? शिवाय उघडलेला डबा दुसऱ्याकडून घेणं मला पटत नाही, आत लेबलावरचीच पावडर आहे याची खात्री कोण देणार.

*

गणिताचा_तास:

रिव्हॉल्व्हर मला कळत नाही, पण आकडे कळतात.

५ गोळ्यांच्या एसडीवर (प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो) निर्णय घेऊ नका. १० गोळ्यांवरून समजा एसडी १५ फूट प्रतिसेकंद निघालं, तर ९५ टक्के खात्रीने खरं एसडी १० ते २७ च्या मधे कुठेही असू शकतं. म्हणजे एका पावडरीचं १२ आणि दुसरीचं १७ आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खलबत्ता म्हणतात तो सरासरींतला फरक जास्त भरवशाचा, कारण तो मोठा असेल तर थोड्या गोळ्यांतही दिसतो.

आणि एक शंका. सिलिंडरला सहा घरं आहेत, म्हणजे सहा वेगळ्या बंदुकाच ना? तो फरक पावडरीच्या खात्यात जमा होत असेल.

*

खलबत्ता:

बरोबर पकडलंत. घरांची तोंडं एकमेकांशी तंतोतंत कधीच नसतात. एका घरावर मार्करने खूण करा आणि चाचणीचं प्रत्येक काडतूस त्याच घरातून झाडा. वेळ लागतो, पण नाहीतर तुम्ही पावडर नाही, सिलिंडर मोजताय. शिवाय पावडरी आलटून पालटून घ्या. आधी सगळी एचपी-३८ आणि मग सगळी टाइटग्रुप असं केलंत तर शेवटची पावडर घाणेरड्या नळीत आणि दमलेल्या हाताने झाडली जाते.

*

नवा_सदस्य_सिएटल:

वाचून उत्सुकता वाटली. मी एच-१बी वर आहे. मलाही हे सुरू करता येईल का?

*

ओवाळणी:

थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. त्याच्या आधी मित्राच्या बंदुकीलाही हात लावू नका, आणि वकिलाला विचारा, फोरमला नाही. घोडनवमींनी ग्रीन कार्ड पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय ते उगाच नाही.

*

कोथरूड_१०मीटर:

मी एअर पिस्तुलवाली, त्यामुळे लांबूनच मजा घेतेय. इथल्या वाचकांसाठी एवढंच, की भारतात हा घरगुती उद्योग चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि हत्याराचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. सुट्टीला येताना पावडरीचा डबा कुणी बॅगेत टाकू नये, विमानात तर नाहीच नाही.

*

घोडनवमी:

सर्वांचे मनापासून आभार. खलबत्ता काका, काल संध्याकाळी सहाही घरं तपासली. पाचांत गोळी हवी तशी अडत जाते, एक घर सैल निघालं. चाचणी अर्थातच त्या पाचांपैकी एकाच घरातून. ट्रेल बॉसला नम्रपणे नाही कळवलं. एचपी-३८ चा एक पौंडाचा डबा आणलाय. ऑनलाइन स्वस्त दिसत होती, पण हॅझमॅटचं (धोकादायक माल पाठवण्याचं) शुल्क धरलं तर दुकानातलीच परवडली.

टाइटग्रुप मागे पडली ती धुरामुळे कमी आणि दुसऱ्याच कारणाने जास्त. ती इतकी कमी जागा घेते की चुकून दोनदा भरली तरी पुंगळीबाहेर येत नाही. तोच धोका बुल्सआयलाही होता, पण तिची सवय होती. एचपी-३८ तळाशी जरा बरी उंची धरते, नजरेला फरक कळतो.

*

खलबत्ता:

फरक कळतो म्हणून बघायचं सोडू नका. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावा. दुप्पट भरलेली जितकी वाईट तितकीच रिकामी. नुसत्या प्रायमरवर गोळी नळीत जाऊन अडकते, आणि आवाज बारीक आला हे लक्षात न घेता पुढची झाडली तर नळी जाते. आवाज वेगळा वाटला की थांबा, सिलिंडर उघडा, रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा.

मापक एचपी-३८ साठी नव्याने लावताना बुल्सआयची खूण विसरून जा. मापक आकारमान मोजतं, वजन नाही. पहिली काही मापं परत डब्यात टाका आणि मग काट्यावर तोला. दोन डबे एकाच वेळी टेबलावर ठेवू नका.

*

गणिताचा_तास:

आकडे आले की इथे टाका, मी आलेख काढून देतो. सगळ्या चाचणीला प्रायमर एकाच खोक्यातले वापरा म्हणजे झालं.